काढले, तपासले, मंजूर

पहिल्याच भेटीत मी आमच्या घरमालकांच्या लग्नातली सुपारी खाल्ली.

मुद्दाम नाही. नवं राज्य झालं, भोपाळहून फायली ट्रकांत भरून रायपूरला आल्या आणि फायलींच्या मागोमाग आम्हीही आलो. कचेरीला धड जागा नव्हती, मग आम्हाला घरं कोण देणार? तात्यापाऱ्यात एका मराठी गृहस्थांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, तेव्हा मी आणि बायको प्रवासाच्या कपड्यांनीच तिथे जाऊन धडकलो. ते पाणी आणायला आत गेले. टेबलावर एक चपटी पितळी डबी उघडी होती आणि तिच्यात कापसावर सुपारीचं एक खांड. आपल्याकडच्या माणसाच्या घरी टेबलावर सुपारी आहे म्हणजे ती पाहुण्यासाठी, एवढं माझं साधं गणित. कापूस कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी खांड तोंडात टाकलं. दगड होता. तरी भिडेखातर चावत राहिलो.

ते तांब्या घेऊन आले. त्यांनी डबी पाहिली, मग माझा फुगलेला गाल पाहिला. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्या हनुवटीखाली धरला.

"थुका," ते म्हणाले. "सारी गिळली का उरली काही?"

अर्धी उरली होती. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि पुडी बांधली. "माझ्या लग्नातली होती. चाळीस साल झाले, कोणी हात नव्हता लावला." आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात बायकोला म्हणाले, "सूनबाई, खोल्या पाहून घ्या."

माझी बायको अशी अवघडली की तिने खोल्या न पाहताच पसंत केल्या. पुढची चार वर्षं आम्ही तिथे राहिलो त्याचं मूळ कारण ती सुपारी.

सामान लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारावर थाप पडली. रविवार होता. घरमालक, म्हणजे आता आमचे काका, हातात एक भलंमोठं, कापडी पाठीचं रजिस्टर घेऊन उभे. उघडून माझ्यापुढे धरलं. पानावर पेन्सिलीने काढलेला मी होतो, सुपारी चावणारा. एक गाल वर, एक डोळा बारीक, आणि चेहऱ्यावर घरमालकावर छाप पाडायची धडपड. चित्राच्या खाली ती उरलेली अर्धी सुपारी दोऱ्याने पानाला शिवून टाकली होती. उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली, तिच्यात तीन रकाने: काढले, तपासले, मंजूर. 'काढले'पुढे त्यांची बारीक सही. 'तपासले'वर त्यांनी बोट ठेवलं.

"पाहा बराबर आहे का. अन् सही करा."

मी पाहिलं. चित्रात मी जेवढा मूर्ख दिसत होतो तेवढाच त्या क्षणी दिसत असणार, याबद्दल शंका नव्हती. मी सही केली. चित्र नीट पाहून केलेली ती माझी पहिली सही. दुसरी करायला पुढे दीड वर्ष लागलं.

काका रेल्वेत नक्शे काढायचे. पूल, मोऱ्या, सिग्नलच्या केबिनी. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी टेबलावर वाकून दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेषा ओढल्या आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या रेषा सुरू केल्या. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं त्यांना 'नक्शा दादा' म्हणत. त्यांची पद्धत अशी होती की कालच्या दिवसातली एकच गोष्ट आज सकाळी काढायची, तीही आठवून. वस्तू समोर ठेवून काढणं त्यांना हलकं काम वाटे. "समोर पाहून तं कोणीबी काढते बावा. तो डोळ्याचा काम झाला. माह्या डोळ्याले काही झालं नाही, मले डोकं तपासाचं आहे." चित्रासोबत त्या दिवसाची एक खूण पानावर चिकटवायची किंवा शिवायची, आणि पानावर मावत नसेल तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. खालची पुढची खोली अशा डब्यांनी जमिनीपासून छतापर्यंत भरली होती. त्यात बटणं होती, बांगड्यांचे तुकडे होते, अभनपूरच्या छोट्या गाडीची तिकिटं होती, कुणाच्या तरी चष्म्याची काडी होती. एकाही डब्यावर नाव नाही. कुठलंही बटण काढून दाखवलं की ते कुणाचं, कोणत्या दिवशी तुटलं आणि त्या दिवशी घरात भाजी कोणती होती, हे काका सांगत.

मी एकदा सुचवलं की काका, चिठ्ठ्या लावून ठेवा. तेव्हा त्यांनी मला बसवलं आणि तपासनिसाची नोकरी काय असते ते समजावून दिलं.

त्यांचे वडील शेवटी सगळं विसरले होते. "मराच्या दोन साल आधी बापानं मले विचारलं, तुम्ही कोण्या गावचे? अन् चहा पाजला. लय आदरानं पाजला." हे सांगताना ते हसले, म्हणून मीही हसलो. ते सुरू कधी झालं हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आपलं सुरू होईल तेव्हा आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच काकांना हवं होतं. म्हणून रोज आठवून काढायचं आणि दुसऱ्या माणसाने तपासायचं. पहिली चूक सापडेल त्या दिवशी ते डब्यांवर चिठ्ठ्या लावायला बसणार होते, कारण तेव्हा थोडा वेळ हाताशी असेल. त्याच्या आधी नाही. "आधी लावल्या तं जित्या माणसाचं श्राद्ध घातल्यासारखं होते."

काकू होत्या तोवर घरची माणसं तपासत आणि 'मंजूर'च्या रकान्यात काकू सही करत. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन नागपूरला होती. 'मंजूर'चा रकाना काका आखत, पण कोरा ठेवत. 'तपासले'साठी मात्र कुणीतरी जितंजागतं पाहिजे होतं. मला वाटतं त्यांनी भाडेकरू ठेवला तो त्यासाठीच.

हे ऐकून मला गलबलून यायला हवं होतं. पण जो माणूस दर रविवारी सकाळी सातला दार वाजवतो त्याच्याविषयी गलबलून यायला फार मोठं मन लागतं. सहा दिवस मी कचेरीत उभ्याने काम करत होतो, कारण टेबलं भोपाळहून यायची होती. सातव्या दिवशी काका आठवड्याची सात पानं घेऊन येत, माझ्या खाटेच्या कडेला बसत आणि म्हणत, "चष्मा लावा."

शिवाय त्यांना खुणा लागत. सासरे चार दिवसांसाठी आले तर काकांनी त्यांना वर्तमानपत्रावर उभं करून दोन्ही चपलांभोवती पेन्सिल फिरवली. सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, जावईबापू, हे मोजमाप कशाचं? आमच्या मुलीचा दुधाचा दात पडला, तर काका हात पसरून दारात. मुलीने सांगितलं, "दादाजी, ये तो चूहे का है," आणि ते उंदराशी बोलून घेतो म्हणाले. बायकोची एक पोळी करपली, ती त्यांनी मागून नेऊन रजिस्टरमध्ये दाबली. गूळही एकदा चिकटवला. मुंग्या जिना चढून थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. दर दिवाळीला ते गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवत आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांतून उडून आलेल्या काजळीचा ठसा पानावर उमटवत. दरवर्षी ठसा आदल्यापेक्षा काळा, आणि काका त्यावर खूश, जणू ती काजळी त्यांनी स्वतः वाढवली होती. आम्हाला कपाट हलवायची चोरी होती. मंगळवारी काढलेलं कपाट रविवारी दुसऱ्या भिंतीशी दिसलं तर तपासायचं कसं, असं ते विचारत. बायको तर म्हणायची की आपण भाड्याने राहत नाही, चित्रात राहतो.

तर मी सह्या करू लागलो. आता कचेरीतल्या माणसाला 'तपासले' या शब्दापुढे सही करायला सांगणं म्हणजे काय, हे कचेरीतल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे खालच्याने तपासलेलं असतं म्हणून मधला सही करतो, आणि मधल्याने केली म्हणून वरचा करतो. खालच्याला माहीत असतं की वरचे दोघे आहेतच. कागद वाचत बसणारा माणूस आमच्यात नवखा समजला जातो. मी नवखा नव्हतो. काका पान उलटायचे, मी चहाचा घोट घ्यायचो आणि सही करायचो. ते विचारत, "पाह्यलं ना?" मी म्हणे, "पाहिलं." माझ्या हातून सात पानं चार मिनिटांत निघत. कचेरीतही माझा एवढा उरक नव्हता.

दीड वर्ष असं गेलं. मग एका रविवारी काकांना अभनपूरला कुणाच्या तरी मुंजीला जायचं होतं. ते रजिस्टर आमच्याकडे ठेवून गेले. मी नेहमीसारख्या सात सह्या ठोकल्या आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर बायको रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला मिशी कधी होती?"

मला मिशी कधीच नव्हती. चित्रात होती, भरघोस. खाली माझी सही.

तिने मागची पानं उलटायला सुरुवात केली. एका पानावर सासऱ्यांच्या दोन्ही पायांत डावीच चप्पल. एका पानावर माझ्या स्कूटरला आरसाच हँडलच्या जागी. गॅसचं सिलिंडर उलटं उभं. दारातल्या मांजराला पाच पाय. भिंतीवरच्या घड्याळात सहा वर आणि बारा खाली. प्रत्येक चित्राखाली माझी लफ्फेदार सही, तारखेसह. जिथे चूक दिसेल तिथे ती जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी घालत गेली. बारा पट्ट्या झाल्या. शेवटच्या चित्रात आमचं अंगण होतं, खाटेवर वाळत घातलेल्या तिच्या कुरडया होत्या, एकेक वेटोळं मोजून घ्यावं असं काढलेलं. खाटेच्या मागे हातपंप होता. आमच्या अंगणात हातपंप नाही, नळ आहे.

राग आला की बायको माहेरच्या बोलीत जाते. "काका विसरून राहिले," ती म्हणाली, "अन् तुम्ही सह्या करून राहिले. त्यांनी तुम्हाले काहून ठेवलं होतं?"

पहिल्या चुकीची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती. आठ महिने तो माणूस दर रविवारी सकाळी सातला येऊन मला विचारत होता की सुरू झालं का, आणि मी चहा पीत म्हणत होतो, नाही. खाली शेकडो डबे बिनचिठ्ठीचे पडले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं खाली गेलो. मी काय बोलायचं ते जिन्यावर तीनदा घोकलं होतं. काका, वय झालं की असं होतं, मलाही हल्ली नावं आठवत नाहीत, वगैरे. रजिस्टर टेबलावर ठेवलं. त्यांनी त्यातून बाहेर आलेल्या पट्ट्या पाहिल्या, आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. बायकोने पाणी दिलं. मग त्यांनी रजिस्टरचं अगदी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात यादी होती. तारीख, पान आणि पुढे चूक. मिशी. चप्पल. सिलिंडर. मांजर.

त्यांच्या रेल्वेतले एक साहेब म्हणे पुलाच्या नक्श्यात मुद्दाम एक बोल्ट जास्त काढून खाली पाठवत. तपासणाऱ्याने पकडला तर ठीक, नाहीतर त्याची बदली. काकांनी दहा महिने वाट पाहिली होती, माझ्या सहीचा वेग पाहिला होता आणि मग तो बोल्ट काढायला सुरुवात केली होती.

"अकरा," ते म्हणाले. "अकरा चुका अन् अकरा सह्या. पाच पायाचं मांजर तुम्ही पास केलं, साहेब. असा सरकारी माणूस म्या रेल्वेतबी नाही पाह्यला." मग बायकोकडे वळून, "सूनबाई, तुह्या नवऱ्याची नोकरी गेली आजपासून."

मला राग आला, खूप राग आला. कालपासून मी स्वतःला दोष देत होतो, आणि हा माणूस आठ महिने मला मिशा काढत बसला होता. पण रागाच्या खाली एवढं हायसं वाटलं होतं की मीही हसू लागलो. हसत मान वळवली तर बायको हसत नव्हती. ती पट्ट्यांकडे पाहत होती.

पट्ट्या बारा होत्या.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. इतकंच नाही, मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, की हिने एखादी पट्टी उगाच घातली असेल. म्हणजे न पाहता आणखी एक सही केली. बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्या पाहण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

मी रजिस्टर ओढून घेतलं. अंगणाचं पान काढलं. मग यादीवर बोट फिरवत ती तारीख शोधली. नव्हती. पुन्हा वरून खाली गेलो. नव्हती. एक तर काका चित्रात चुकले होते, नाहीतर मुद्दाम चूक करून यादीत लिहायला विसरले होते. कुठूनही गेलं तरी गाडी त्याच स्टेशनावर येत होती.

"काका," मी म्हणालो, "हा पंप."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पान जवळ धरलं, लांब धरलं. यादी पाहिली. मग उठून खिडकीशी गेले आणि अंगणात बघत उभे राहिले. तिथे खाट होती, नळ होता, नळाखाली आमची बादली होती.

"पंप तं काढून टाकला," ते म्हणाले. "नळ आला तवाच. ती होती तवा." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा बाहेर पाहिलं. मग, "हव. नाही आहे पंप."

ते परत येऊन बसले. माझी त्या पानावरची जुनी सही त्यांनी शाईच्या रबराने खोडली, फुंकर मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, अंगणात पंप नाही, आणि सही केली. माझी दुसरी सही. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं आणि 'मंजूर'च्या रकान्यात, काकू सही करत तिथे, स्वतः सही केली. तारीख घातली.

"चिठ्ठ्याचा कागद आणा लागन," ते म्हणाले. "जाड पाहिजे. डिंक आहे."

माझी नोकरी खरोखरच गेली. ती बायकोला मिळाली. दर रविवारी सातला ती खाली जाई आणि दोन तासांनी वर येई, आणि मी दोन वेळा चहा करून खाली पोचवी. ती चुका सोडत नसे. काकाही तिच्याशी वाद घालत, हरत आणि यादीत लिहीत. मुद्दाम काढलेल्या चुकांची यादी त्यांनी बंद केली होती, आता एकच यादी होती. बाकीचा आठवडा चिठ्ठ्या. एकेक डबा उघडून ते सांगत आणि ती लिहून घेई. मला कधी मदतीला बोलावलं तर फक्त डिंक लावायला. सुपारीच्या पानावरची चिठ्ठी मात्र त्यांनी स्वतः लिहिली: माझ्या लग्नातली. अर्धी भाडेकरूनं खाल्ली.

आम्हाला सरकारी घर मिळालं त्या सुमारास त्यांची लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. डबे ट्रकातून गेले, सगळे चिठ्ठीचे. ट्रकवाल्याला काकांनी माझी ओळख 'हे आमचे तपासनीस साहेब' अशी करून दिली. ट्रकवाल्याने सलाम केला. मी तो घेतला, आणखी काय करणार?

पुढे लेकीचा कधीमधी फोन यायचा. काका आता बहुतेक काही ओळखत नाहीत, म्हणाली. पण रोज सकाळी एक डबा उघडतात, आतली वस्तू हातात घेतात आणि चिठ्ठी मोठ्याने वाचतात. पेपरातली बातमी वाचावी तशी. मग म्हणतात, "अस्सं का," आणि दिवसभर खूश असतात. रजिस्टरमधलं सुपारीचं पान हाती लागलं त्या दिवशी त्यांनी विचारलं म्हणे, असा कोण खादाड होता?

हे सगळं मी गेल्या आठवड्यात आठवून लिहिलं. समोर काही न ठेवता, काकांच्या पद्धतीने. लिहून झाल्यावर कागद बायकोकडे दिले. तिने चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात उभ्याने सगळं वाचलं, दोनदा मागे जाऊन वाचलं. मला वाटलं डोळे पुसेल. तिने कागद माझ्या हातात दिले.

"खाटेवर कुरडया नव्हत्या," ती म्हणाली, "सांडगे होते. बाकी बरोबर आहे. सही कुठे करू?"